नानांचं चौदावं स्थळ

नानांकडे नवा कंट्रोलर आला की आधी पोहे होतात. कंट्रोलर म्हणजे तळहाताहून थोडी मोठी हिरवी पाटी. तिच्यावर काळे चौकोनी भाग चिकटवलेले आणि एका कडेला सोनेरी दात. ती कुरिअरने येते, नाहीतर कुणीतरी एसटीने घेऊन येतं. नाना तिला कोचावर ठेवतात, समोर पोह्यांची बशी मांडतात आणि मला म्हणतात, "बसा मास्तर. स्थळ येल शे. घाई करू नका."

पोहे अर्थात आम्ही दोघंच खातो.

मी धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. देवपुरात नानांच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि गेली दोन वर्षं गोंधळलेला आहे. लोकांच्या घरात जिथे टीव्ही असतो, तिथे नानांकडे एक जुनं युनिक्स मशीन आहे. पत्र्याच्या ट्रंकेएवढा संगणक, पिवळा पडलेला. नाना एका तेलगिरणीत संगणक विभाग बघायचे. गिरणी बंद पडल्यावर लिलाव झाला. कुणी घाणे घेतले, कुणी मोटारी घेतल्या, नानांनी हे घेतलं. "युनिक्स म्हणजे काय हो?" असं मी एकदा सहज विचारलं होतं. नाना दीड तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "समजलं?" मी "हो" म्हणालो. तिथेच माझं चुकलं. तेव्हापासून ते मला जाणकार समजतात.

या मशीनचा कंट्रोलर जळला आहे. तो मिळाला की नाना पुण्याला जाणार आहेत.

काकू गेल्यापासून नाना एकटेच आहेत. मुलगा सुनील पुण्याला असतो. मुलगा गुणी, सूनही चांगली. दोघांनी नानांसाठी खोली रंगवून ठेवली आहे. पण नानांची एकच अट आहे. मशीन सुरू झालं पाहिजे. सुरू झालं की त्यातलं गिरणीचं काम उतरवून घ्यायचं, मशीन आमच्या शाळेला द्यायचं आणि निघायचं. बंद पडलेलं टाकून जायचं नाही. दर रविवारी सुनीलचा फोन येतो, "नाना, जुळलं का?" नाना म्हणतात, "बघतोय." नानांनी फोन उचलला नाही तर तो मला करतो.

आता एवढं जुळवायचं काय असतं, हा माझा भाबडा प्रश्न. गिरणीत नाना म्हणे शुद्ध बोलायचे, पण मशीनचा विषय निघाला की थेट अहिराणीवर येतात. "हाई डिस्क म्हंजे घरनी पोर," त्यांनी मला समजावलं. "कंट्रोलर म्हंजे जावई. तो डब्बामाच ऱ्हाई, म्हंजे घरजावई. आन कर्नल, युनिक्सना गाभा, म्हंजे घरनी म्हातारी. तिले चारच कुळं माहीत शेत. पाचवा कुळना पोऱ्या उना तर ती वळखच देस नही."

"मग म्हातारीला पाचवं कुळ शिकवता येत नाही?"

"येतं," नाना एकदम शुद्ध मराठीत म्हणाले. "पण त्यासाठी म्हातारी आधी उठायला पाहिजे. ती डिस्कवर झोपलेली आहे. आणि डिस्क कंट्रोलरशिवाय बोलत नाही."

म्हणजे म्हातारी उठायला जावई पाहिजे आणि जावई निवडायला म्हातारी पाहिजे. माझं डोकं दुखायला लागलं. मी चहा मागितला.

आलेल्या प्रत्येक स्थळाला नानांच्या शंभर पानी वहीत एक पान असतं. एकदा मी ती चाळली. 'स्थळ तिसरं, चोपड्याचा छापखाना. पिना पन्नास हव्या, आहेत अडुसष्ट. अंगाने दांडगं.' 'स्थळ सहावं, भुसावळ. कुळ जुळतं, पण स्वभाव तापट, पाच मिनिटांत हात लावू देत नाही.' 'स्थळ नववं, नरडाण्याचा बंद कारखाना. सगळं उत्तम. एक दात घासलेला.' 'स्थळ बारावं. मन लागत नाही.'

"मन लागत नाही? कुणाचं?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं ते," नाना म्हणाले. खरंच होतं. मला आधीच्या अकरांचंही कळलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मला चित्रकलेच्या परीक्षेच्या कामाला जळगावला जायचं होतं. नानांनी माझ्याकडून पिनांच्या जोडणीचं चित्र काढून घेतलं, मापात, दोन ओळींत पन्नास. जन्मभर मी फुलदाण्या आणि मोर काढले. त्या दिवशी पन्नास टिंबं काढून मान अवघडली. खाली नानांनी चार कुळांच्या चिपांचे आकडे लिहून दिले.

जळगावला पारसमलशेठ जुनं इलेक्ट्रॉनिक सामान विकतात. त्यांनी माझा कागद काउंटरवर पसरला आणि एकेक पाटी त्यावर ठेवून बघितली. पाचव्या पाटीच्या पिना माझ्या टिंबांवर नेमक्या बसल्या. शेठनी चष्मा वर करून चिपवरचा आकडा वाचला. चारांतलाच होता.

"ले जाव मास्तरजी, खानदानी माल आहे. आणि नानांना सांगा, यात खोट काढून दाखवा. याआधी मी तीन पाठवले, तिन्ही परत आले. माणूस माल घेतो का परीक्षा?"

येताना एसटीत पारोळ्यापर्यंत मी ती पुडी मांडीवर घेऊन बसलो होतो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट कळत होतं. हे जुळणार. मग शेजारच्या घराला कुलूप लागणार, आणि संध्याकाळी मला न समजणारं काही सांगायला कुणी उरणार नाही. पारोळ्यानंतर मी पुडी पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी नानांनी पोहे करून झाकून ठेवले. पाटी कोचावर बसून झाली. नानांनी डब्बा उघडला, पाटी खाचेत दाबली, पट्टीसारखी वायर जोडली आणि एकदम म्हणाले, "मास्तर, कोथिंबीर नही शे. जरा लई या ना."

मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली. दारापाशी आलो तर आतून घरघर ऐकू आली. दोन वर्षांत कधी न ऐकलेली. मी चप्पल काढली आणि तिथेच थांबलो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं भराभर वर चढत होती. म्हातारी उठली होती. शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली. नाना मांडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी पडद्याच्या कडेवरून एक बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं.

युनिक्सला बटण दाबून गप्प करायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आधी त्याला सांगायचं, मग ते आपलं आवरून घेतं. नानांनी सावकाश टाइप करून त्याला सांगितलं, आवरून होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच बटण बंद केलं. घरघर थांबली. त्यांनी पाटी काढली, कागदात गुंडाळली आणि वही उघडली. 'स्थळ चौदावं' एवढं लिहून पेन थांबलं.

आधीच्या तेरांतली किती जुळली होती, हा हिशोब मी केला नाही. मला एकदम फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी चप्पल पुन्हा पायात घातली, दोन पावलं मागे गेलो आणि मोठ्याने खोकत आत आलो.

"काय व्हयनं, नाना?"

"बठ्ठं जुळस, मास्तर," नाना वहीकडेच बघत म्हणाले. "पण एक खोट शे."

"कसली?"

नानांनी बराच वेळ शोधली. मशीनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कोथिंबिरीकडे पाहिलं.

"सासर लई लांब शे," ते म्हणाले.

घरजावयाला कसलं लांबचं सासर, हे मी विचारलं नाही. कोथिंबीर चिरून पोह्यांवर घातली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नानांनी हातातली बशी दाखवून मलाच घ्यायला खुणावलं.

"मास्तरकाका, काय म्हणतंय? जुळलं का या वेळी?" माझा आवाज ओळखून सुनीलने विचारलं.

नाना पोह्यांतला एकेक शेंगदाणा बाजूला काढत होते. वर बघत नव्हते.

"नाही रे," मी म्हणालो. "बघतोय आम्ही."