पोटाकडे बघणाऱ्या द्वारकाकाकू

द्वारकाकाकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पोटाकडे. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून होतं. जबलपूर तेव्हा सी.पी.त, म्हणजे मध्य प्रांतात होतं आणि आमच्या गल्लीतली बरीच घरं नागपूरकडून आलेल्या मराठी माणसांची. काकू पन्नाशीच्या, काटक, आणि पाठ इतकी ताठ की बसल्या तरी उभ्या वाटायच्या. कोणाचं पोट सैल दिसलं की त्या थांबून गंभीरपणे विचारत, "पोट काहून झोपून राहिलं जी?"

बाजारात बड्या फुहाऱ्यावरच्या कापडवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला हात उंचावू लागला, तर काकू म्हणाल्या, "सेठजी, पहले पेट अंदर लीजिए, फिर थान निकालिए. कमर बच जाएगी." त्यानं मुकाट्यानं पोट आत घेतलं. पुढे काकू लांबून येताना दिसल्या तरी तो श्वास रोखून बसायचा, आणि काकू मुद्दाम रेंगाळत चालायच्या.

माझी मुलगी झाली ती पोट फाडून. आमच्या गल्लीत असं पहिल्यांदाच घडलं होतं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा सगळे माझ्याकडे तडा गेलेल्या माठाकडे बघावं तसं बघत होते. सासूबाईंनी मला खाटेवरून हलू दिलं नाही. जुन्या लुगड्यानं पोट आवळून बांधलं आणि डिंकाचे लाडू सुरू केले. महिना उलटून गेला. मी भोपळ्यासारखी फुगले, पण अंगात जोर म्हणून नाही. उभी राहिले की कमरेतून वाकलेलीच राहायची. शिंक आली तरी टाके उसवतील असं वाटायचं. पाळण्यात मुलगी रडायची आणि मी सासूबाईंना हाक मारायची. स्वतःचं लेकरू स्वतःला उचलता येत नाही, हे मनाला फार लागायचं.

एक दिवस काकू आल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, हिचं पोट झोपलं नाही, बेशुद्ध पडलं आहे. चलो, टांगा बोलावते."

टांगा थेट दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी जखम तपासली. चांगली भरली आहे, हळूहळू हालचाल सुरू करा, दुखलं की थांबा, असं सांगितलं. काकूंनी ते ऐकलं आणि परतीच्या वाटेवरच मला शिकवायला घेतलं.

"श्वास घे. आता सोड. सोडताना पोट पाठीकडे ने. हळू वं, टांगा ओढायचा नाही तुला."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी हजर. मला सतरंजीवर उताणं निजवायचं, गुडघे दुमडायला लावायचे आणि पोटावर एक पितळी वाटी ठेवायची. श्वास घेतला की वाटी वर, सोडला की खाली. कितीतरी दिवस एवढंच. मी वैतागून म्हटलं, "काकू, अशानं चरबी कशी उतरेल?"

"चरबी जाईल मागून. आधी पोटाला कामावर घे."

खाटेवरून एकदम उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं. लुगड्याचा पट्टा रोज थोडा सैल करायचा. लाडवांवरून सासूबाईंशी वाद झाला तेव्हा काकू म्हणाल्या, "दूध पाजणारीनं उपाशी नाही राहायचं. पण लाडू लेकरापुरते खा, गल्लीपुरते नको."

सासूबाई रुसल्या. पण त्याच आठवड्यात दुपारी मी स्वयंपाकघरात डोकावले, तर त्या जमिनीवर उताण्या निजलेल्या आणि पोटावर वाटी. मला पाहून म्हणाल्या, "कमर धरली होती जरा."

मग गल्लीतलं चालणं सुरू झालं. काकूंचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. मी त्यांच्या ओट्यासमोर आले की ते जुनी हिरवी झेंडी दाखवायचे. दमले की तांबडी. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या, आणि आज ही कुठवर गेली याची चर्चा विहिरीवर व्हायची. मलाही चेव आला. पाठ सरळ होत होती, पदर नीट बसत होता, पोटात काहीतरी घट्ट धरून ठेवतंय असं आतून कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी हरकत नाही म्हटल्यावर एका सकाळी काकू पाळण्याशी उभ्या राहिल्या. "गुडघे वाकव. लेकरू छातीशी घे. आता श्वास सोड आणि उठ."

मी उठले. मुलगी माझ्या हातात होती आणि काही उसवलं नव्हतं. मी हसत होते, रडत होते, सासूबाई डोळे पुसत होत्या. काकू म्हणाल्या, "पाठ सरळ."

मुलीला घेऊन मी आमच्या ओट्यावर गेले, काकूही मागून येऊन बसल्या. पदर सावरायला म्हणून तिला पटकन काकूंच्या मांडीवर दिलं. इतक्या दिवसांत त्यांनी तिला एकदाही घेतलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या डोक्याखाली हात घातला, अगदी सराव असल्यासारखा.

"माझंही पोट फाडलं होतं," त्या म्हणाल्या. "नागपूरला. पोरगी होती. राहिली नाही."

मी पदर तसाच सोडून त्यांच्याशेजारी बसले.

"तुला उठायला निमित्त होतं, लेकरू रडून राहिलं होतं ना. माझ्याकडे रडणारं कोणी नव्हतं. मग कोण उठवते? पडून राहिली किती तरी दिवस. शेवटी यांनीच हात धरून उभं केलं. पडत, धरत शिकली."

मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी घ्यायला हात पुढे केला, तर त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे जराशी."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळून आटलं तरी बाहेर न जाता पुन्हा पाणी घातलं.