रणदिवेनानांचा सुभेदार मोटारीत बसतो

रणदिवेनाना मोटारीत कुत्रं बसवायचे आणि स्वतः खाली उभे राहायचे. मोटार जागची हलायची नाही. रोज सकाळी आम्ही बायका विहिरीवरून हंडे घेऊन यायला लागलो की हे आपले रस्त्याच्या कडेला टोपी सारखी करून हजर, आणि कडेवर पोर असलेली बाई दिसली की तिलाच गाठून म्हणायचे, "बाई, तसदी होईल, पण पोराला घेऊन एकवार परत मोटारीच्या शेजारून जाता का?" रिकाम्या कडेची बाई गेली तर तिच्याकडे बघायचे पण नाहीत. आता मला सांगा, असं कोण विचारतं?

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, चौथी शिकलेली, नगरकडून नवी आलेली. आमच्या ह्यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं म्हणून चाळीत खोली घेतली होती, माझं माणूस कोणी जवळ नाही, बाळू तेरा महिन्यांचा, आणि मला तर भांडं पडलं तरी धडकी भरायची.

नाना चाळीच्या टोकाच्या खोलीत एकटेच राहायचे. सगळा जन्म लष्कराच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेला, नोकरी संपली तेव्हा लिलावातली एक काळी जुनी मोटार घेऊन आले होते, असं ऐकलं. कुत्र्याचं नाव सुभेदार. त्याला अहोजाहो. "सुभेदार, बसा." "सुभेदार, हे आपल्याला शोभत नाही." ते पोस्टमनवर भुंकलं की नाना टोपी काढून म्हणायचे, "सुभेदारांच्या वतीने माफी असावी." एकदा तो पोस्टमन इतका गोंधळला की कुत्र्यालाच नमस्कार करून गेला.

बरं, ते कुत्रं खाली उतरलं की गरीब गाय. कोंबडी अंगावर आली तरी नानांच्या पायांमागे लपायचं. पण मोटारीत चढलं की साहेब, येणाऱ्याजाणाऱ्याला काचेतून नुसता दम. माणसांचं पण असंच होतं म्हणा, पण ते जाऊ दे.

मग एक दिवस नानांनी मोटारीच्या खिडक्यांना पडदे लावले. जुन्या हिरव्या लुगड्याचे. फक्त एका बाजूला फट ठेवलेली, आणि तीसुद्धा बोटांनी मोजून. दर सोमवारी चार बोटं जास्त. फटीत कुत्र्याचं नाक, आणि नाना हातात डबा धरून त्यातला भाकरीचा तुकडा आत टाकतायत. टाकतायत कधी, तर पोरवाली बाई पुढे गेल्यावर. मला ते काही बरं दिसेना.

त्यातच शेवंताबाई. ही गावातली म्हातारी, आमच्याकडे दूध घालायची, आणि दुधाबरोबर बातम्या. माप ओतता ओतता म्हणाली, "नव्या कारखान्याची चिमणी उभी ऱ्हात न्हाई म्हनं. बळी म्हनून पोर मागतीया. मानसं हिंडत्यात मोटारी घिऊन." मी म्हटलं, मावशी, असलं काही बोलू नका. तर म्हणते कशी, "मग मोटारीला पडदं कशापायी लावत्यात लोक? आतलं दिसू न्हाई म्हनून. व्हय का न्हाई?" आता ह्याला मी काय बोलणार, व्हय म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी माझा नंबर लागला. डोक्यावर हंडा, कडेवर बाळू, नानांनी ते नेहमीचं तसदीचं वाक्य म्हटलं आणि मी गेले मोटारीच्या शेजारून. कुत्रं भुंकलं, बाळूने माझं मंगळसूत्र ओढलं, आणि पाठीमागून नाना आपल्याशीच पुटपुटले, "अकरा."

अकरा. म्हणजे माझा बाळू अकरावा. हंड्यातलं अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं, घरात आले ती कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिले. ह्यांना सांगितलं तर हे हसले, म्हणाले चिमणी सिमेंटने उभी राहते, आणि रात्रपाळी होती म्हणून कूस बदलून झोपले.

चार दिवस मी बाळूला उंबऱ्याबाहेर काढलं नाही. पाणी आणायला जायचे तर शेजारच्या काकूंना बाळूजवळ बसवून आतून कडी लावायला सांगायचे. बाकीचा वेळ खिडकीच्या गजाला नाक लावून नानांवर पाळत. एका बाईच्या मागे ते बारा म्हणाले, दुसरीच्या मागे नऊ, तिसरीच्या मागे परत दहा. असं उलटंसुलटं कोण मोजतं? मग मीच त्याचा अर्थ लावला, की मधली दोनचार पोरं पसंत पडली नसतील म्हणून सोडून दिली असणार. तेव्हा मला हे अगदी पटलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते, पाठ दाराकडे. हे नुकतेच बाहेर गेलेले आणि कडी लावायची राहिलेली. मागे वळून बघते तर बाळू नाही.

मी पिठाच्या हातानेच धावले. पायात काही नाही, डोक्यावर पदर नाही. टोकाला मोटार उभी होती आणि बाळू तिच्या पायरीला धरून उभा होता, तोंड वर करून, अगदी त्या फटीखाली. नाना रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले, एक हात बाळूच्या डोक्यावर आडवा धरलेला, वरून काही आलं तर हातावर यावं असा. कुत्र्याचं नाक फटीतून बाहेर. आणि आवाज नाही. कुत्र्याचा नाही, नानांचा नाही, बाळूचाही नाही.

मी बाळूला खसकन ओढलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चिमणी, पडदे, अकरा, पोरं धरता का म्हणून सगळं. चाळीतली दारं उघडली. नाना तसेच गुडघ्यावर. त्यांनी टोपी काढली, आणि मला वाटलं आता कुत्र्याच्या वतीने माफी मागतात, पण म्हणाले, "अकरा वेळा भुंकले होते सुभेदार तुमच्या बाळूवर. पहिल्या पोरावर चाळीस वेळा भुंकले. आज एकदाही नाही."

मला काही उमजेना. मग खाली मान घालून त्यांनी सांगितलं. शालिनी म्हणून मुलगी त्यांची, मिरजेला असते. तीन वर्षांपूर्वी आपल्या मर्जीने लग्न केलं, हे लग्नाला गेले नाहीत, बोलणं तुटलं. आता तिला मूल झाल्याचं कोणाकडून तरी कळलं म्हणून यांनी पत्र टाकलं, ये म्हणून. तिचं उत्तर आलं चार ओळींचं. येईन, पण तुमचं कुत्रं मोटारीतून भुंकतं, बाळ घाबरेल, त्याचं आधी बघा. चिंचवड स्टेशनवर न्यायला जायचं तर मोटारीतून, आणि कुत्रं खोलीत एकटं ठेवलं तर रडून रडून दार खरवडतं. म्हणून ही तालीम, फट थोडी थोडी वाढवायची आणि पोर पुढे गेलं की भाकरीचा तुकडा. सगळे म्हणाले, सोडून या लांब कुठेतरी. "शालिनी गेल्यापासून घरात मी आणि सुभेदार, दोघंच," नाना म्हणाले. "त्यांना कसं सोडणार?"

माझा राग अजून गेला नव्हता. तरी बाई माणूस, विचारलंच मी, मुलगा की मुलगी?

नाना टोपीची घडी करत राहिले. "बाळ, एवढंच लिहिलंय तिने."

दारं एकेक करून लागली. मी बाळूच्या अंगाला लागलेलं पीठ झटकलं. घरी जायचं तर तवा तापलेला, भाकरी करपत असणार. कुत्रं फटीतून माझ्याकडेच बघत होतं आणि मला त्याची भीती वाटतच होती, खोटं कशाला सांगू. पण पाय काही घराकडे वळेनात.

मी बाळूला कडेवर नीट बसवलं, पदर डोक्यावरून घेतला, आणि नानांना विचारलं, "तुमची शालिनी चालते कशी? हळू, का भरभर?"

नानांनी घडी उलगडून टोपी परत डोक्यावर ठेवली.

"भरभर," ते म्हणाले. "लहानपणी तरी भरभर चालायची."

मग मी रस्त्याच्या पार टोकापर्यंत गेले, आणि मोटारीच्या दिशेने भरभर चालत आले.