समेच्या आधी पोचलेले जावईबापू

ऑफिसच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाल्याच्या आनंदात हेडक्लार्कसाहेबांनी एके दिवशी ठरवून टाकलं, की आपल्याला शास्त्रीय संगीत आवडलंच पाहिजे. माणसं अशी ठरवून कशाच्या प्रेमात पडत नाहीत, पण हेडक्लार्कसाहेब पडले. (लग्नही त्यांनी असंच रीतसर विचार करून केलं होतं आणि ते उत्तम चाललंय असं त्यांचं मत आहे. बायकोचं मत कुणी विचारलेलं नाही.)

कारण होते सासरे. सासरे आयुष्यभर गाणं शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत चार कानसेन जमायचे आणि ज्याला सध्या जे गाणं सगळ्यात आवडतंय, ते तो इतरांना ऐकवायचा. या बैठकीत जावईबापूंना काम एकच, खुर्च्या मांडायचं. मांडून झाल्या की सासरे म्हणायचे, तुम्ही आत बसा हो, तुम्हाला उगाच कंटाळा येईल. हे ते इतक्या मायेनं म्हणायचे की रागवायचीही सोय नव्हती. आत भाजी निवडता निवडता हेडक्लार्कसाहेब झुरत. एकदाच सासऱ्यांनी आपल्याकडे बघून मान डोलवावी, एवढंच त्यांना हवं होतं.

तर मग त्यांनी फोनवर एका बाईंचा विलंबित ख्याल उतरवून घेतला. विलंबित म्हणजे अगदी संथ गाणं. भल्याभल्यांना त्यात डुलकी लागते म्हणतात. साहेबांना लागली नाही. उलट पहिल्याच दिवशी त्यांचा स्टॉप मागे गेला. मग जाता ख्याल, येता ख्याल. बाईंनी कुठे श्वास घेतला, तबलजी कुठे थबकला, सगळं तोंडपाठ झालं. लोक कशाला घाबरतात या विलंबिताला, असं ते ऑफिसात उघड म्हणू लागले. आपला कान मुळातच तयार असावा, फक्त आजवर फायलींमुळे त्याला वाव मिळाला नाही, असंही त्यांना वाटू लागलं.

शेवटी बायकोनं वडिलांकडे शब्द टाकला आणि एका रविवारी जावईबापूंना खुर्ची मांडून तिच्यावर बसायलाही मिळालं. चौघांपैकी त्या दिवशी समोर दोघंच होते, सासरे आणि त्यांचे जुने स्नेही तबलेवाले काका. साहेबांनी आधी छोटंसं भाषण केलं. (पाठ केलेलं होतं. बायको दारात उभी राहून ओठ हलवत होती.) या बाई काय धावतात, काय ती चपळाई, ऐकणाऱ्याला दम लागतो, असं ते म्हणाले. सासऱ्यांनी काकांकडे पाहिलं. कारण या बाई सबंध जगात एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या आणि ती म्हणजे त्यांना कसलीही घाई नसते.

सासऱ्यांकडे तीच मैफल होती, तिची तबकडी त्यांनी आपल्या मशीनवर लावली. बाईंनी स्वर लावला आणि त्या तिथेच राहिल्या. साहेब वाट बघत होते. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिथे गाणं येऊन टेकतं आणि ऐकणारे मान हलवतात. साहेबांनी डोळे मिटून, हात उंचावून, मनापासून 'वा!' म्हटलं. सम आली नव्हती. ती यायला इतका वेळ होता की मधल्या वेळात तबलेवाल्या काकांनी चष्मा पुसून परत घातला. दुसऱ्या आवर्तनातही तेच झालं. साहेब आधी, बाई मागून.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण साहेबांना घाम फुटला होता. ते म्हणाले, "बाबा, मशीन हळू चालतंय तुमचं."

त्या मशीनला सासरे स्वतःच्या हातानं तेलपाणी करायचे. त्याला नाव ठेवायची हिंमत सासूबाईंनीही कधी केली नव्हती. सासऱ्यांचा चेहरा असा झाला की बायकोनं दारातूनच डोक्याला हात लावला. काकांनी मांडीवर ताल धरून पाहिला आणि मशीन बिनचूक असल्याचा निर्वाळा दिला. साहेब मात्र इरेला पेटले. त्यांनी खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि बाई सुटल्या. सूर तेच, शब्द तेच, पण मागे कुत्रं लागल्यासारख्या. तबलजीची तर दया येत होती.

बायकोनं पुढे होऊन फोन हातात घेतला आणि पाहिलं. "अहो, हे दीडपट वेगावर आहे."

मग उलगडा झाला. ऑफिसनं ट्रेनिंगची व्याख्यानं फोनवर ऐकायची सक्ती केली होती आणि ती लवकर उरकावीत म्हणून साहेबांनी वेग वाढवून ठेवला होता. तो तसाच राहिला. बाईंची अख्खी तपश्चर्या साहेबांनी जीएसटीच्या व्याख्यानासारखी उरकली होती. त्यांना वाटलं, आता थेट आत जावं आणि भाजी निवडायला घ्यावी.

पण काका म्हणाले, थांबा. फोन चालूच होता आणि त्या पळापळीत साहेबांची मान दर समेला, सवयीनं, नेमकी पडत होती. काकांनी मध्येच आवाज बंद केला. साहेबांच्या ओठांत गाणं पुढे चालूच राहिलं. तानेसकट फिरून ते समेवर अचूक येऊन टेकले. आपण हे केलं, हे त्यांना स्वतःलाही नंतर कळलं.

सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. "माझ्या शिष्यांपैकी एकानंही एकच ख्याल इतक्यांदा ऐकलेला नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मान डोलवली. "पुढच्या रविवारी नक्की यायचं, जावईबापू."

घरी परतताना हेडक्लार्कसाहेब फुटपाथ आपल्या मालकीचा असल्यासारखे चालत होते. छाती शर्टात मावत नव्हती. पुढच्या रविवारी काय ऐकवायचं, कुठे थांबून काय सांगायचं, हे ते बायकोला समजावत होते. मधेच त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की निघताना बाबा स्वयंपाकघरात तुला आपल्याबद्दल काय सांगत होते.

"तुम्हाला कायमचं घेतलंय त्यांनी," बायको म्हणाली. "फक्त फोन विसरू नका म्हणाले. ते चौथे आहेत ना, डेंटिस्ट, ते आज आले नव्हते. हल्ली ते स्वतःच गातात आणि रेकॉर्ड करून आणतात. दर रविवारी सव्वा तास. तोंडावर नको म्हणता येत नाही."

"मग?"

"मग काय? बाबा म्हणाले, त्यांचं गाणं यापुढे तुमच्या फोनवर लावायचं. आणि जमलं तर दीडपट नको, दुप्पट करा."