सरूमावशींचा कळप

आमच्या गल्लीत सरूमावशी कुणाला बसू देत नसत. बसलेली बाई दिसली, की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. मग ती भाजी निवडत असो, नाहीतर माझ्यासारखी उत्तरपत्रिका तपासत असो. फाटकाच्या गजांवरून काठी खडखडवत त्या ओरडायच्या, "काहून बसली गं? बसली ती फसली!"

मावशी मूळच्या फुलंब्रीकडच्या. उभी हयात मेंढरांमागं गेलेली. लागोपाठ काही वर्षं पावसानं दडी मारली, रानात चारा उरला नाही, तेव्हा मेंढरं विकून लेकानं त्यांना शहराच्या कडेला, गारखेड्यात आणलं. इथं शेतांचे प्लॉट पडत होते, प्लॉटांवर घरं उठत होती आणि घराघरांत आम्ही बसलो होतो. मावशींना आयता कळप मिळाला. रोज पहाटे त्या आम्हाला हाकत फिरायला न्यायला लागल्या.

"उठा गं, ऊन डोक्यावर आलं!" अशी हाक यायची, तेव्हा ऊन अजून पूर्वेला जालन्याच्याही पलीकडं असायचं. झोप हा माझा एकमेव छंद. पण मावशी थेट खिडकीशी येऊन मेंढरं हाकायचा आवाज काढायच्या. नवरा पांघरुणातूनच म्हणायचा, "जा बाई, नाहीतर मलाही नेईल ती."

शेजारच्या शबानाभाभींचं वजन भरपूर, चालताना पहिल्याच वळणावर त्या धापा टाकायच्या. "खाला, जरा दम तो लेने दो. घुटने बोल रहे मेरे."

"बोलू दे. बोलत्यात म्हंजी जित्ते हायेत."

या सगळ्याचं कारण त्या भर रस्त्यात सांगायच्या. "बसल्या बाईला छातीत गाठ व्हत असती." आम्ही इकडंतिकडं बघायचो. कुणी पुरुष ऐकत तर नाही ना? मग त्या आणखी चढ्या आवाजात विचारायच्या, "लाजता काय? मेंढीची कास सुजली तर आमी हात लावून बघतो. बाईच्या जातीनं काय चोरी केली?" आणि एकेकीजवळ जाऊन विचारायच्या, "तुला काय लागतं का गं हाताला?"

त्या वर्षी नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक, सगळी भिस्त टँकरवर. रांगेत हंडा ठेवला, की नंबर लागला, असा आमच्या गल्लीचा कायदा. मावशींनी त्यातून वाट काढली. "हंडे हुभे हायेत ना? मंग तुमी कशाला बसता?" असं म्हणून त्यांनी आम्हाला मैदानाच्या टोकापर्यंत पिटाळलं. परतलो तर टँकर येऊन, दुसऱ्या गल्लीची भांडी भरून निघूनही गेला होता. कायदा आमच्या गल्लीचा होता, टँकरवाल्याचा नव्हता. त्या दिवशी बायकांनी मावशींना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशींनी शांतपणे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक वाजलंच.

पुढं मंगल कार्यालयात बायकांसाठी आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज नेमानं भराभर चाललं, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो."

मावशी ताडकन उठल्या. "ऐकलं? मी काय येगळं सांगत व्हते? चला!" बाईंचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं आणि अख्खा कळप बाहेर पडला. मी मात्र बसून राहिले. खाली खुर्ची होती, वर पंखा होता.

म्हणून बाकीचं मी एकटीनंच ऐकलं. "कमी होतो, पण संपत नाही. चालणाऱ्या बाईलाही हा आजार होतो. गाठ हाताला लागली तर लपवू नका, लगेच दाखवा."

दुसऱ्या दिवशी फिरताना मी मुद्दाम मावशींना सगळ्यांच्या मागं गाठलं. चूक सापडल्याचा मास्तरकी आनंद होता, खोटं कशाला बोलू? डॉक्टरीणबाईंचं उरलेलं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "ठाव हाय मला."

"मग अर्ध्यातून का उठलात?"

"फुडचं ऐकवलं नसतं गं. गया, माझी धाकटी भैन, सोयगावला दिलेली. माझ्यापरीस जास्ती चालायची. तिला आलीच की गाठ! मरायला टेकली तवर कुणाला बोलली नाय. दिसभर मेंढरांमागं एकली. मेंढरांना काय सांगणार?"

"मग आम्हाला कशाला दामटता?"

"कमी तर व्हतो ना धोका? तेवढं तरी पदरात पडंल. आन चालता चालता बाया बोलत्यात, मास्तरीण. घरात कोण बोलतंय?"

हे मात्र खरं होतं. नवऱ्यालाही न सांगितलेली किती दुखणी आम्ही त्या रस्त्यावर एकमेकींना सांगितली होती. मला या बाईचं एकदम फार कौतुक वाटलं. मी सहज विचारलं, "आणि तुम्ही, मावशी? तुम्ही कुणाला सांगता?"

पुढच्या बायका लांब गेल्या, तरी मावशींनी त्यांना हाक मारली नाही. मग पदराआडून माझा हात धरून त्यांनी आपल्या डाव्या काखेजवळ नेला.

"हितं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून हाय."

माझ्या बोटांना काहीतरी घट्ट लागलं.

"सुनंला सांगू नको."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं," मी म्हटलं, "पण आधी दवाखाना." शाळेला मी सुट्टी टाकली.

दवाखान्याच्या वाटेवर रिक्षा टँकरमागं अडकली. मावशी उतरायला निघाल्या. "चल, चालत जाऊ, लौकर पोचू." मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. त्या परत बसल्या.

"गयाला कुणी असं रिक्षात घातलं असतं तर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.