रुमालाखालची घोडी

कल्याणप्पा वकिलांची घोडी युक्तिवाद ऐकल्याशिवाय चालत नसे. येरमाळ्याहून कळंबच्या अदालतीत जाताना ते तिच्या पाठीवर बसून मोठ्यानं भाषणाची तालीम करत. ते थांबले की घोडीही थांबे. ती शिवकांताबाईंच्या, म्हणजे वकिलांच्या बायकोच्या माहेरची, त्यामुळं वकील तिला दाव्यापेक्षा जास्त जपत.

त्या दिवशी दावा मोठा होता. येरमाळ्याच्या सगळ्या करडईवाल्यांनी मिळून कळंबचे अडते शिवलिंगप्पा यांच्यावर सामायिक फिर्याद केली होती. भाव बाजाराच्या रीतीनं, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, बोटांवरच आकडा सांगत ठरला होता. दुसऱ्या दिवशी बाजार पडला आणि शिवलिंगप्पा म्हणाले, "कागद कुठंय? म्या नुसता हात मिळवला."

"मेहेरबान अदालत," कल्याणप्पा गरजले, "रुमालाखालचा सौदा म्हणजे पक्का सौदा! तिथं नुसतं, सहज, उगीच असं काही नसतं!"

हैदराबादहून नवे आलेले मुन्सिफसाहेब कुतूहलानं पुढं वाकले. "करके दिखाइए."

खरं तर हे काम करडईवाल्यांचा पुढारी बलभीम याचं. पण वकील रंगात आले होते. वडिलांच्या दुकानात बसायला नको म्हणून वकील झालेले. बोटांचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी स्वतःच रुमाल पसरून शिवलिंगप्पांचा हात धरला. "समजा, बाहेर लिंबाखाली बांधलेली माझी घोडी विकायचीय."

रुमाल हलला. वकिलांनी सापडतील ती बोटं दाबली.

"सौदा झाला!" शिवलिंगप्पा ओरडले. "एवढ्या पैशात शेळीबी येत न्हाय. घोडी माझी!"

"अहो, हे नुसतं दाखवण्यापुरतं..."

"व्हय? मग माझंबी तसंच होतं की."

मुन्सिफसाहेबांनी लेखणी उचलली. मागून बलभीम कळवळला, "वकीलसाहेब, पक्का म्हणा! समद्यांची करडई हाय!"

"आणि मला घरात कोण घेणार?" वकील पुटपुटले. मग डोळे मिटून म्हणाले, "पक्का."

दावा जिंकला. वकील पायी घरी निघाले.

इकडं शिवलिंगप्पा ऐटीत घोडीवर बसले. घोडी हलेना. टाच मारली, हरभरा दाखवला, शिव्या दिल्या.

"अण्णा, तिला युक्तिवाद लागतो," बलभीम म्हणाला.

"कसला?"

"वकिली."

शिवलिंगप्पांना एकच युक्तिवाद पाठ झाला होता. इकडंतिकडं बघत ते म्हणाले, "मेहेरबान अदालत..." घोडीनं कान टवकारले आणि चालू लागली. भर पेठेतून हरलेला प्रतिवादी ओरडत निघाला, "रुमालाखालचा सौदा म्हणजे पक्का सौदा!" ज्यांचे सौदे त्यांनी पूर्वी मोडले होते, ते तूरवाले आणि जवसवालेही दुकानं सोडून मागं चालू लागले.

रात्री शिवकांताबाईंनी नवऱ्याला ओसरीवरच झोपायला लावलं. सकाळी दारात घोडी उभी. पाठीवर घसा बसलेले शिवलिंगप्पा, मागं अर्धं कळंब.

"घोडी परत घ्या, वकीलसाहेब. आन् हे लोक आवरा," त्यांनी घोगऱ्या आवाजात विनवलं आणि रुमाल पसरला.

वकिलांनी लगबगीनं हात पुढं केला. शिवकांताबाईंनी तो बाजूला सारला. त्यांचं माहेरच अडत्याचं, बोटांचा हिशेब लहानपणापासून पाठ.

"तुम्ही मागच्या लोकांची फिर्याद लिहून घ्या," त्या पदर खोचत म्हणाल्या. "बोटं मी दाबते."