फोरमनचं निलंबन

समस्त भूगावकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, श्रीयुत फोरमन यांना वारंवार अवेळी आरवल्याच्या गंभीर आरोपावरून कामावरून निलंबित करण्यात आलं आहे. निलंबनकाळात त्यांना निम्मी बाजरी मिळेल आणि कोंबड्यांत मिसळण्यास सक्त मनाई राहील.

यातलं जड अंतःकरण तेवढं माझं. बाकीचा मजकूर आमच्या शेजारच्या ढमालेकाकांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून खुराड्यावर खिळ्याने ठोकला होता. फोरमन हा त्यांचा कोंबडा.

काका उरवड्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांचं उशिरा येणं टिपलेला माणूस निवृत्त झाला, की त्याला घरात कुणीतरी उशिरा येणारं लागतंच. मुलगा महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये. बायकोवर हुकूम चालवायची छाती नाही. उरले कोंबडे. फोरमन पर्मनंट, आणि दुसरा एक काटकुळा, त्याचं नावच टेम्परवारी. दोघांच्या मध्ये जाळी. "आठ कोंबड्यांवर कोंबडा एकच पायजे," काका सांगतात, "दोन झाले की युनियन हुती."

फोरमन पहाटे किती वाजता आरवला ते काका कॅलेंडरवर टिपतात. त्याच्या पायामागचा काटा कानशीने घासतात, थंडीत तुऱ्याला खोबरेल लावतात, त्याला लोळायला राखेचा खड्डा करून देतात. वर शाबासकी कधी नाही. "टायमाला म्हंजी टायमाला," एवढंच. मी एकदा दुधाचं भांडं परत द्यायला गेले, तर मलाही म्हणाले, "वहिनी, कालच्याला देते म्हणला हुता." मी माफीनामा लिहून देऊ का विचारलं. म्हणाले, "या खेपंला तोंडी चालंल."

सगळी मऊ माया सुलाकाकूंच्या वाट्याला. साखरेच्या दुखण्याने काकूंची नजर गेली, त्याला तीन वर्षं झाली. सकाळी काका ओट्यावर बसून त्यांना अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. काकूंना राजकारण नको, भाव नकोत, बिबट्या हवा. कुठे दिसला, कुणाची शेळी नेली, पिंजऱ्यात घावला की न्हाई. बिबट्या नसला की त्या म्हणतात, "आज पेपरात कायबी न्हाई."

तर, फोरमन बिघडला. पाचच्या ठोक्याला आरवणारा हा आदर्श कामगार रात्री दोनला, कधी दीडला बांग ठोकायला लागला. काकांनी त्याचे पंख चाळून उवा शोधल्या. खुराड्यात कडुनिंबाचा पाला पसरला. त्याला लसूण चारला. तीन मेमो दिले, तेही वाचून दाखवून. फोरमनने तिन्ही मान तिरकी करून ऐकले आणि त्याच रात्री पुन्हा दोनला हजेरी लावली. मग निघाला निलंबनाचा हुकूम. त्याची रवानगी एका बुटक्या खोक्यात झाली, कारण कोंबड्याला मान ताणल्याशिवाय आरवता येत नाही. टेम्परवारीला बढती मिळाली. तो नऊ वाजता, दारावरची भाजीवाली येऊन गेल्यावर, फुटक्या भोंग्यासारखा एकदाच ओरडायचा.

चौथ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "रईवारी मेव्हणा येतुया उरवड्यास्नं. घिऊन जाईल."

रविवारी मेव्हण्याकडे कोंबडा कशासाठी जातो, हे मुळशी तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मी अर्थातच निरोपसमारंभाला हजर. काका परसात उकिडवे बसून फोरमनला ओंजळीतून बाजरी चारत होते. शेजारी मान बाहेर काढायला भोक पाडलेली पिशवी तयार होती.

"काका, निम्मी बाजरी ठरली होती ना?" मी म्हटलं.

एरवी त्यांनी नियम वाचून दाखवला असता. आज डोळे तांबारलेले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून ते हळूच म्हणाले, "वहिनी, हिला कोंबड्यावरच टाइम कळतुया. पोरानं बोलणारं घड्याळ आणलं, पर त्याचं बटण दाबावं लागतंय. ही म्हणती, कोंबडा कसा आपणहून सांगतुया. त्यो आरवला की ही उठती, आंघोळ करती, च्या ठिवती."

"दोनला आरवला तरी?"

"दोनलाबी."

"मग तुम्ही सांगत नाही?"

काकांनी फोरमनच्या पाठीवरून हात फिरवला. "काय सांगू? आंघोळ करून, येणी घालून बसल्याली बाई. तिला म्हणू, परत झोप, तुझं चुकलं? आदीच कमी चुकल्यागत वाटतंय व्हय तिला? मीबी उठतुया. च्या पितुया. पेपर आलेला नसतुया, मग कालचाच वाचतुया, नवा आला की त्योबी. आन् आता ह्यो खोक्यात गेल्यापास्नं नऊपतुर झोपती, आन् दिसभर म्हणती, मी आळशी झाले." त्यांनी ओंजळ पुन्हा पुढे केली. "ह्येला परत बाहीर काढावा तर ह्यो दोनला उठीवणार. करू काय? पयल्यांदा वाटलं बिबट्याला भितुया. पर रातच्याला मधीच कुटनं तरी उजेड पडतुया बगा खुराड्यावर. भक्कन. कोंबड्याला वाटतंय, उजाडलं."

मी एक पाऊल मागे सरकले.

कारण, वाचकहो, मांजरांना पळवायला आमच्या मागच्या भिंतीवर महिन्यापूर्वी नवा दिवा बसवला होता. हालचाल झाली की आपोआप लागणारा. जागा मीच दाखवली होती. मांजरं काही पळाली नाहीत, त्यांना फक्त रस्ता स्वच्छ दिसू लागला. मी मान वर करून पाहिलं. दिव्याचं तोंड बरोब्बर खुराड्याकडे.

"काका," मी म्हटलं, "आरोपी सापडला. तो मी आहे."

मी बोटाने दिवा दाखवला. काका दिव्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग फोरमनकडे. मी मेमोच्या तयारीने उभी. पण त्यांनी ती भोकाची पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "दिव्याला बांदा," म्हणाले, "आत्ता." मी पळत जाऊन स्टुलावर चढले आणि दिव्याच्या तोंडाला पिशवी बांधली.

खाली उतरते तोवर खुराड्यावरचा हुकूम फाटला होता, आणि काका फोरमनला काखेत घेऊन परसभर नाचत होते. इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"निर्दोष हाय! माजा फोरमन निर्दोष हाय! आन् मी महिनाभर रातच्या दोनला उठून च्या पितुया, कालचे पेपर वाचतुया, आन् मेमो ह्येला देतुया!"

मग ते थबकले. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून, सुलाकाकू उभ्या होत्या.

काकूंनी पायाने पायरी चाचपली, खाली उतरल्या, हात पुढे करत आल्या. आधी त्यांच्या हाताला फोरमनचा तुरा लागला, मग काकांची बाही. ती त्यांनी घट्ट धरली.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "मी म्हणते, रोज एकच बिबट्या दोन-दोनदा कसा घावतुया!"