गुप्त्यांच्या टाकीतलं पाणी

गुप्ते बोंबील तळायला घेत तेव्हा आधी माशाच्या टाकीवर टॉवेल टाकत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी विचारलं, "हे काय?" तव्यावरचा बोंबील उलटवत ते म्हणाले, "त्याला दिसायला नको. आपल्याला काही वाटत नाही, पण त्याला वाटत असेल."

'तो' म्हणजे टाकीतला एकुलता एक गोल्डफिश. बाजारात पापलेटचे कल्ले उघडून कोळणीशी हुज्जत घालणारा हा माणूस घरी एका माशापुढे इतका नरमाईने वागत असे, की आमची ही म्हणायची, "पुढच्या जन्मी मला गुप्त्यांच्या टाकीत घाल रे देवा."

आम्ही वाशीला राहायला आलो ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. सेक्टरांना नंबर पडले होते, पण रस्त्यांवर दिवे लागायचे होते. संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा आणि त्याच्या पाठोपाठ ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास. मुंबईचे नातेवाईक आमच्याकडे आले की परगावी आल्यासारखे लवकर निघायचे. अशा त्या ओसाडीत समोरच्या दाराचा शेजारी हाच काय तो आधार, आणि आमच्या समोरच्या दारात गुप्ते होते.

फोर्टात एका कचेरीत ते नकाशे काढत. बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी सुधा. सुधा त्याच कारखान्यांपैकी एकात टायपिस्ट होती. तिथंच तिला दत्ता भेटला, तळवलीचा. त्याच्या घरची शेती होती ती नव्या शहरासाठी गेली आणि तो कारखान्यात लागला. गुप्त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावठाणात जाऊन राहणार?" सुधा म्हणाली, "हो." तिने रजिस्टर लग्न केलं. त्या दिवशी जिन्यात गुप्त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं, "साठे, माझ्यापुरता विषय संपला. माझ्यासमोर तिचं नाव कुणी काढायचं नाही." बिल्डिंगने हे फार मनावर घेतलं. कुणीच काढलं नाही.

वाशीहून तळवलीला बस जाते. अर्धा तास लागत असेल. गुप्ते त्या बसच्या स्टॉपवर सावलीलासुद्धा उभे राहत नसत.

त्यानंतर गुप्त्यांच्या आयुष्यात पाणी शिरलं.

आमच्या नळाला तेव्हा कधी गंजाचं पाणी यायचं, कधी ब्लीचिंग पावडरचा भपकारा. आम्ही फडकं बांधून, उकळून पीत होतो. पण टाकीतला गोल्डफिश एका सकाळी वर येऊन तोंड वासू लागला. पाणी बदललं तर आणखीच मलूल झाला. गुप्त्यांनी कचेरीतून रजा काढली. सुधाच्या लग्नालाही त्यांनी रजा काढली नव्हती.

"मुद्दा पाण्याचा आहे," ते मला म्हणाले. हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. सोसायटीच्या भिंतींना ओल आली, मुद्दा पाण्याचा. माझ्या हिचे केस गळू लागले, मुद्दा पाण्याचा. विषय राजकारणाचा असो की क्रिकेटचा, गुप्ते त्याला नळापर्यंत आणून सोडत.

रविवारी ते मला क्रॉफर्ड मार्केटला घेऊन गेले. तिथं पक्ष्यांच्या आणि माशांच्या गल्लीत एका दुकानदाराने काचेच्या कपाटातून फिल्टर काढून दाखवला. "अंकल, इम्पोर्टेड है. लगाव और भूल जाव." गुप्त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, झाकण उघडून आतली रचना डोळ्यांत साठवली. मग किंमत विचारली आणि तान्हं मूल परत द्यावं तसा अलगद परत दिला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, त्या पैशांत असे डझनभर मासे येतील."

गुप्ते रस्त्यातच थांबले. मागून हातगाडीवाला ओरडत होता. "डझनभर येतील," ते म्हणाले. "पण हा येईल का?"

मग त्यांनी स्वस्त उपाय करून बघायला सुरुवात केली. खड्यांखाली अंथरायची भोकाभोकांची प्लास्टिकची जाळी आणली. गोल्डफिशने दोन दिवसांत खडे उकरून ती उघडी पाडली. "हट्टी आहे," गुप्ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं. कुणीतरी तुरटी सांगितली. कुणी तुळशीची पानं सांगितली. एका गृहस्थाने मडक्यांची उतरंड सुचवली, तर गुप्त्यांनी तीही आणली आणि त्यातलं एक मडकं रात्रीच फुटून खालच्या मजल्यावरच्या छतातून मुद्दा पाण्याचा झाला.

शेवटी नकाशे काढणाऱ्या माणसाने नकाशाच काढला. प्लास्टिकची साबणाची पेटी, तिला तापलेल्या सुईने पाडलेली भोकं, आत स्पंज, जाड वाळू आणि लोणारी कोळसा. वरून एक नळी छोट्या हवेच्या पंपाला जोडलेली. कोळसा त्यांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणला, जिन्यात बसून कुटला आणि तिथल्याच सोसायटीच्या नळावर धुतला. काळं पाणी दोन मजले उतरून सेक्रेटरींच्या दारात गेलं. त्यांच्याकडे त्याच दिवशी सत्यनारायण होता. पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी उभे राहिले. "गुप्तेसाहेब, एका माशापायी आम्ही सगळ्यांनी काय टेन्शन घ्यायचं?"

गुप्ते मीटिंगमधून उठले. फरशी घासायचा काथ्या घेऊन ते दोन मजले जिना घासत बसले.

पण पेटी चालली. आठवड्याभरात पाणी इतकं नितळ झालं की टाकी रिकामी वाटे आणि मासा हवेत तरंगल्यासारखा दिसे. कोळसा वेळच्या वेळी बदलायचा, स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुवायचा, नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून मगच थोडं थोडं घालायचं, हे गुप्ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणाऱ्याकडे टाकी नसली तरी सांगत. लोक त्यांना टाळू लागले. मग ते दारं बंद करून बसू लागले आणि आतून पंपाचा घरघर आवाज तेवढा येई.

एका उन्हाळ्यात दुपारभर वीज नव्हती. मी दार वाजवलं तर उघडंच होतं. गुप्ते बनियनवर टाकीपाशी स्टुलावर बसले होते. पेल्याने पाणी काढत होते आणि उंचावरून परत टाकीत सोडत होते, हवा मिसळावी म्हणून. दंड भरून आला होता. "तुम्ही धरा जरा," ते म्हणाले. मी धरला. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून लांबवर ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या कडेची गावं उन्हात दिसत. वीज येईपर्यंत मी पाणी काढत आणि सोडत राहिलो आणि ते खिडकीतून हलले नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. माणसं आली, झाडं मोठी झाली. गुप्ते रिटायर झाले. गोल्डफिशचा नारिंगी रंग उतरून पांढुरका झाला.

एका शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले. दाढी केलेली नव्हती. "तो गेला," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही काही कमी नाही केलंत."

"सुधाला सांगायला हवं," गुप्ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "तिचा होता. पहिल्या पगारात आणलेला. तुम्ही याल का बरोबर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने तळवलीला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात दोरीवर लहान मुलीचे दोन फ्रॉक वाळत होते. गुप्ते त्यांच्याकडे बघत उभे राहिले. पायरीवर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती.

"कोन पायजे?"

"सुधा आहे का?" मी विचारलं.

"हाय ना. तुमी कोन?"

गुप्ते म्हणाले, "आम्ही वाशीहून आलो." तेवढंच. म्हातारीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि आत तोंड करून हाक मारली, "सुदे, तुजा बापूस आयलाय! नाक त्येच हाय."

सुधा ओल्या हातांनीच बाहेर आली.

"तो गेला," गुप्ते म्हणाले.

"कोण?" ती घाबरली.

"गोल्डफिश."

ती बघतच राहिली. "तो होता अजून? मला वाटलं, मी गेले त्याच दिवशी तुम्ही टाकी ओतून दिली असेल."

"माशाचं काय चुकलं होतं?"

सुधाने मान वळवली. म्हातारी सुकट उचलून मुकाट्याने आत गेली. मग गुप्ते पायरीवर बसले आणि तिला फिल्टर समजावून सांगू लागले. साबणाची पेटी, भोकं किती बारीक, कोळसा कसा धुवायचा, सगळं. सुधा खालच्या पायरीवर बसून ऐकत होती. मधेच तिने "मग स्पंज कुठे?" असं विचारलं, आणि गुप्त्यांनी बोटाने जमिनीवर आकृती काढून दाखवली.

"जेवून जा ना, बाबा," ती म्हणाली. "दत्ता येईलच. मुलगीही येईल आत्याकडून."

"आज नको. यांना उशीर होतोय," माझ्याकडे बोट दाखवून गुप्ते म्हणाले. मला कसलाच उशीर होत नव्हता.

परतीच्या स्टॉपवर दगडाचा एक कट्टा होता, त्यावर आम्ही बसलो. गुप्ते रस्त्याकडे बघत होते.

"तिचे केस पिकलेत हो," ते म्हणाले. "इथं, कानाशी."

"हल्ली लवकर पिकतात," मी म्हटलं.

"मला कुणी सांगितलं नाही."

बस आली, थांबली. कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं. गुप्ते उठले नाहीत. मीही उठलो नाही. बस निघून गेली आणि आम्ही तसेच बसून राहिलो.